हळदीतील खनिजे व लेश मूलद्रव्ये

हळदीतील खनिजे व लेश मूलद्रव्ये : हळद (सं. हरिद्रा, हिं. हल्दी, लॅ. कुर्कुमा लाँगा; कुल–झिंजिबरेसी) या मसाल्याच्या पदार्थातील अकार्बनी घटक ओळखणे व त्यांचे प्रमाण ठरविणे हा अन्नरसायनशास्त्रातील एक विषय आहे. हळदीच्या वाळलेल्या मूलक्षोडात (जमिनीतील खोडात) मुख्यत्वे स्टार्च, तंतू, बाष्पनशील तेल आणि पिवळा रंग देणारी कुर्क्युमिनवर्गीय संयुगे असतात. हे सर्व जाळून टाकल्यावर जी राख उरते तीत मूळ खनिजे ऑक्साइडे, कार्बोनेटे, फॉस्फेटे व सिलिकेटे यांच्या रूपाने सापडतात. अशी राख वजनाच्या सु. ३ ते ८ टक्के भरते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांनुसार हळदीत १३.१% पाणी आणि ३.५% खनिजे असून दर १०० ग्रॅ. हळदीत १५० मिग्रॅ. कॅल्शियम व २८२ मिग्रॅ. फॉस्फरस असते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात हळदपुडीत दर १०० ग्रॅ.मध्ये पोटॅशियम २,०८० मिग्रॅ., मॅग्नेशियम २०८ मिग्रॅ., लोह ५५ मिग्रॅ., मँगॅनीज १९.८ मिग्रॅ., जस्त ४.५ मिग्रॅ. आणि तांबे १.३ मिग्रॅ. असे आकडे दिले आहेत. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम व फॉस्फरस ही प्रमुख खनिजे होत. दहा लाख भागांत सु. १०० भागांहून कमी असणाऱ्या मूलद्रव्यांना लेश मूलद्रव्ये म्हणतात. लोह ही मर्यादा हळदीत बरेच ओलांडते, तथापि शरीराला ते अल्प प्रमाणातच लागत असल्याने रूढीने त्याची गणना लेश मूलद्रव्यांतच होते.

लोहाचा हा आकडा मोठा आहे. पालेभाज्यांच्या लोहाशी तुलना करता तो कित्येक पटींनी भरतो. त्यामुळे हळद, मिरची, धने इत्यादींना ‘लोहयुक्त’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. मात्र तक्त्यातील आकडा वनस्पतीने मुळांवाटे घेतलेल्या लोहाचाच असतो असे नाही. शेतातील माती, हळद शिजविण्याची काहील, दळण्याचे यंत्र आणि प्रयोगशाळेतील भांडी यांचे लोहही त्यात मिसळलेले असते व रासायनिक मापनाला यांतील भेद आपोआप कळत नाही. हा भेद कसा करावयाचा, हाच या मापनातील खरा प्रश्न आहे. ज्या प्रदेशात जमिनीतच लोहाचे साठे आहेत आणि माणसांच्या रक्तात मात्र लोहाची उणीव आढळते, तेथे त्याला विशेष महत्त्व येते. चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे याचे उत्तम उदाहरण होत.

प्रदेश : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. भूवैज्ञानिक दृष्ट्या हे दोन्ही जिल्हे मिळून एक विविधरंगी पट तयार होतो. पश्चिमेस दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली काळी जमीन, वर्धा नदीच्या खोऱ्यात गोंडवनी खडकांतील दगडी कोळसा, राजुरा व कोरपना भागात चुनखडक, तर पूर्वेस अतिप्राचीन पट्टिताश्म आणि त्यांवरील तांबडी, हलकी जमीन. चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा, पिंपळगाव व असोला आणि गडचिरोली जिल्ह्यातील देऊळगाव व सुरजागड येथे लोहधातुकाचे साठे आहेत. सुरजागडच्या टेकडीवर २०१६ मध्ये व पुन्हा २०२१ पासून उत्खनन सुरू झाले. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र व सिमेंटचे कारखाने यांमुळे चंद्रपूर शहर व परिसराची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात या क्षेत्राचा निर्देशांक ८३.८८ होता.

या दोन जिल्ह्यांचे मुख्य पीक भात. चंद्रपूरच्या सीमेलगत वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात होणारी ‘वायगाव हळद’ प्रसिद्ध असून तिला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. सांगली, वसमत व तेलंगणातील निजामाबाद या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा होत. जंगलात हळदीच्या प्रजातीतील तिखूर (कुर्कुमा अँगुस्टिफोलिया) ही जाती आढळते. तिच्या मूलक्षोडातील सत्त्व खाण्यात येते, परंतु ती मसाल्याची हळद नव्हे व तिचे विश्लेषण हळदीचे म्हणून देणे चुकीचे ठरेल.

जमिनीत लोह विपुल असले म्हणजे पिकात ते त्याच प्रमाणात उतरते, ही समजूत खरी नाही. सर्वसाधारण मातीत एकूण लोह ३ ते ५ टक्के, म्हणजे दहा लाख भागांत ३० ते ५० हजार भाग असते. त्यापैकी पिकाला उपलब्ध होणारे लोह मात्र अत्यल्प असते. डब्ल्यू. एल्. लिंडसे व डब्ल्यू. ए. नॉरव्हेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व भारतातील मृदा-परीक्षण प्रयोगशाळांत रूढ झालेल्या पद्धतीत ही उपलब्धता डीटीपीए या संयुगाच्या विद्रावाने मोजतात आणि दहा लाख भागांत ४.५ भाग ही लोहाची पुरेशी पातळी मानतात. पश्चिमेकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत विम्लता जास्त असल्याने लोह व जस्त अविद्राव्य स्वरूपात अडकून पडतात. पूर्वेकडील अम्लधर्मी तांबड्या जमिनीत मँगॅनीज सहज विरघळते. त्यामुळे कन्हार जमिनीतील व बरडीतील हळदीची तुलना करताना लोहापेक्षा मँगॅनिजातील फरक अधिक बोलका ठरण्याचा संभव असतो. अमेरिकी तक्त्याच्या आधीच्या आवृत्तीत मँगॅनिजाचा आकडा ७.८३३ मिग्रॅ. होता व नंतरच्या आवृत्तीत तो १९.८ मिग्रॅ. झाला, लोहाचा आकडा मात्र ४१.४२ वरून ५५ वर गेला. एकाच संस्थेच्या दोन आवृत्त्यांत एवढी तफावत पडते. यात मापनाची चूकच असेल असे नाही. हळदीचे मूळ ठिकाण बदलले तरी असे होऊ शकते.

नमुना गोळा करणे व तयार करणे : विश्लेषणातील बहुतेक चुका उपकरणात होत नसून उपकरणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच होतात. हळदीच्या बाबतीत तर पीक काढल्यापासूनच परके घटक मिसळू लागतात. काढणीनंतर जेठे गड्डे, बगल गड्डे व हळकुंडे वेगळी करतात. मूलक्षोडाच्या सुरकुत्यांत व मुळांच्या खुणांत चिकटलेली माती साध्या धुण्याने पूर्ण निघत नाही. पुढे हळद लोखंडी काहिलीत पाण्यात शिजवितात. काही ठिकाणी पाण्यात खाण्याचा सोडा टाकण्याची जुनी पद्धत होती. त्यामुळे सोडियमाचे प्रमाण वाढते. शिजविलेली हळद दोन आठवडे उघड्यावर वाळत पडते व तीवर धूळ बसते. खाणी व वीज केंद्र यांच्या परिसरात या धुळीत कोळशाची राखही असते. अखेरीस हळद पिंपात घोळवून तिची साल घासून काढतात. घोळविताना चकाकी व रंग येण्यासाठी तुरटी, एरंडीचे बी, हळदपूड व अल्प प्रमाणात अम्ल यांचे मिश्रण लावण्याची पद्धत आहे. तुरटीमुळे ॲल्युमिनियम वाढते.

मातीचा परिणाम किती मोठा असतो हे साध्या हिशेबाने दिसते. १०० ग्रॅ. हळदपुडीत केवळ १ ग्रॅ. माती मिसळलेली असेल आणि त्या मातीत ५% लोह असेल, तर मातीमुळेच ५० मिग्रॅ. लोह वाढते. म्हणजे तक्त्यात दिलेल्या जवळजवळ सगळ्या लोहाची भरपाई एकट्या १% मातीने होऊ शकते. लोहधातुकाची धूळ असेल, तर ०.१ ग्रॅमही पुरते. कारण शुद्ध हेमॅटाइटात सु. ७०% लोह असते. इथिओपियातील टेफ या बारीक धान्याच्या बाबतीत हा अनुभव पूर्वीच आला आहे. जमिनीवर बैलांच्या पायांखाली मळणी होत असल्याने त्याचे लोह अतोनात भरले आणि त्यावरून बरेच चुकीचे निष्कर्ष काढले गेले.

म्हणून ज्या हेतूने मापन करावयाचे त्यानुसार नमुना घ्यावा लागतो. वनस्पतीने किती लोह घेतले हे पहावयाचे असेल, तर शेतातून ताजे मूलक्षोड घेऊन ते ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात, साल काढून पुन्हा धुतात, प्लॅस्टिकच्या वा काचेच्या सुरीने काप करून ६०°–७०° से. तापमानास वाळवितात आणि अकीकाच्या खलात कुटतात. पोलादी चक्कीत दळले तर लोहाबरोबर क्रोमियम, निकेल व मँगॅनीजही वाढतात. याउलट घरातील माणसाच्या पोटात किती जाते हे पहावयाचे असेल, तर आठवडी बाजारातील हळद घरोघरी ज्या रीतीने कुटतात, त्याच रीतीने कुटलेली घेणे योग्य. मग मुसळाच्या तोंडाशी बसविलेल्या लोखंडी कडीचे किंवा पाट्या-वरवंट्याचे कण वगळण्याचे कारण राहत नाही. दोन्ही आकडे आपापल्या परीने खरे असतात. ते एकाच रकान्यात घातले म्हणजे मात्र घोटाळा होतो, आणि प्रसिद्ध तक्त्यांत हा घोटाळा वारंवार दिसतो.

एका नमुन्यावर निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. एका शेतातील अनेक ताटव्यांतून गड्डे घेऊन एकत्र करणे, पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या थरांतून परखीने माल काढणे आणि तो चार भागांत विभागून समोरासमोरचे दोन भाग ठेवीत ठेवीत प्रमाण कमी करणे, ही जुनी व विश्वसनीय पद्धत आजही वापरली जाते. प्रत्यक्ष मापनासाठी बहुधा ०.५ ते २ ग्रॅ. पूडच लागते.

राखेचे मापन : सर्वांत जुनी व आजही सर्वाधिक वापरली जाणारी कसोटी म्हणजे एकूण राख. तोललेली पूड चिनी मातीच्या किंवा प्लॅटिनमाच्या मुशीत प्रथम मंद आचेवर धूर संपेपर्यंत जाळतात व नंतर मूस विद्युत् भट्टीत सु. ५५०° से. तापमानास राख पांढरट होईपर्यंत ठेवतात. ही राख विरल हायड्रोक्लोरिक अम्लात उकळली असता वनस्पतीची स्वतःची खनिजे विरघळतात. वाळू व मातीतील सिलिकेटे मागे राहतात. ती गाळणकागदावर घेऊन, पुन्हा जाळून तोलली की ‘अम्लात अविद्राव्य राख’ मिळते. भारतीय मानक संस्थेची आय एस १७९७ व आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची आय एस ओ ९२८ आणि ९३० ही मानके याच कृतींची आहेत.

भारतातील अन्नविषयक नियमांनुसार हळदपुडीत एकूण राख ९ टक्क्यांपेक्षा व अम्लात अविद्राव्य राख १.५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. ही दुसरी मर्यादा स्वच्छतेच्या दृष्टीने ठरविलेली आहे. पोषणाच्या मापनासाठी ती फारच सैल पडते. वर दाखविल्याप्रमाणे कायद्याने चालू शकणाऱ्या मातीतूनही हळदीचे लोह दुप्पट दिसू शकते. तेव्हा लोहाच्या प्रत्येक आकड्यासोबत त्याच नमुन्याच्या अविद्राव्य राखेचा आकडा देणे आवश्यक ठरते. याहून नेमकी कसोटी म्हणजे टिटॅनियम किंवा स्कँडियम यांचे मापन. ही मूलद्रव्ये मातीत सर्वत्र असतात, परंतु वनस्पती ती जवळजवळ घेत नाहीत. त्यामुळे ती सापडली की तेवढी माती मिसळली आहे असे समजता येते व त्या मातीतील लोह वजा करता येते.

मूलद्रव्यांचे मापन : राख अम्लात विरघळवून मूलद्रव्ये मोजता येतात, तथापि भट्टीच्या उष्णतेत शिसे व कॅडमियम यांचा काही अंश उडून जातो. याकरिता पूड नायट्रिक अम्लात, कधी त्यात परक्लोरिक अम्ल वा हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून, पचविण्याची ओली पद्धत पसंत करतात. हळदीत तेल असल्याने परक्लोरिक अम्ल घाईने वापरल्यास स्फोट होण्याचा धोका असतो. अलीकडे बंद भांड्यात सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने हे काम अर्ध्या-पाऊण तासात होते.

लोहाच्या मापनासाठी रंगमापन ही साधी पद्धत आहे. लोहाचे क्षपण करून त्यात ऑर्थोफिनँथ्रोलीन घातले असता नारिंगी-तांबडा रंग येतो आणि ५१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजून प्रमाण कळते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही हे मापन होऊ शकते. हळदीचा स्वतःचा पिवळा रंग त्यात अडथळा आणीत असल्याने कुर्क्युमिनाचा पूर्ण नाश झाला आहे याची खात्री करून घ्यावी लागते. पोटॅशियम व सोडियम यांसाठी ज्योत प्रकाशमापक वापरतात. आर्. डब्ल्यू. बन्सन व जी. आर्. किर्खहोफ यांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिलेल्या ज्योतीच्या वर्णपटाचेच हे उपयोजन आहे.

१९५५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी अणू शोषण वर्णपटमापनाची पद्धत मांडली आणि लेश मूलद्रव्यांचे मापन सर्वसामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यात आले. ज्योतीत फवारलेल्या विद्रावातील अणू आपल्या विशिष्ट तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात : लोह २४८.३, मँगॅनीज २७९.५, जस्त २१३.९ व तांबे ३२४.८ नॅनोमीटर. अर्धा ग्रॅम हळद पचवून ५० मिलि. विद्राव केला, तर त्यात लोहाची संहती दहा लाख भागांत सु. ५ भाग येते व ती सहज मोजता येते. त्याच हळदीत दहा लाख भागांत २ भाग शिसे असेल, तर विद्रावात त्याची संहती केवळ ०.०२ भाग होते. ज्योतीच्या पद्धतीला ती पकडता येत नाही आणि ग्रॅफाइटाची विद्युत् भट्टी किंवा प्रवर्तित आयनद्रायूचे उपकरण वापरावे लागते. ‘शिसे आढळले नाही’ या शेऱ्याचा अर्थ कोणत्या उपकरणाने पाहिले यावर अवलंबून असतो, ही गोष्ट अहवाल वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण ही पद्धत तत्त्वतः निराळी आहे. जी. हेवेशी व हिल्डे लेव्ही यांनी १९३६ मध्ये ती प्रथम वापरली. हळदीची पूड पॉलिथिनाच्या वा ॲल्युमिनियमाच्या वेष्टनात बंद करून अणुभट्टीत ठेवतात. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने तीतील मूलद्रव्यांचे किरणोत्सर्गी समस्थानिक बनतात व त्यांतून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य आणि तीव्रतेवरून त्याचे प्रमाण कळते. यात वेळ सांभाळणे महत्त्वाचे असते. मँगॅनीज-५६ चे अर्धायुष्य सु. २.६ तास असल्याने त्याची नोंद त्याच दिवशी घेतात, सोडियम-२४ (१५ तास) व पोटॅशियम-४२ (१२.४ तास) यांची दुसऱ्या दिवशी, आणि लोह-५९ (४४.५ दिवस), जस्त-६५ (२४४ दिवस), सिलिनियम-७५ (१२० दिवस) व कोबाल्ट-६० (५.२७ वर्षे) यांची काही आठवड्यांनी, इतर किरणोत्सर्ग ओसरल्यावर. नमुना पचवावा लागत नसल्याने अम्लांतून येणारी अशुद्धी टळते. स्कँडियमही याच मोजणीत मिळत असल्याने मातीची भेसळ तेथल्या तेथे ओळखता येते. शिशासाठी मात्र ही पद्धत निरुपयोगी आहे.

विदर्भात या पद्धतीची परंपरा आहे. नागपूर विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ए. एन्. गर्ग व त्यांचे सहकारी यांनी वनौषधी आणि हवेतील धूळ यांसारख्या नमुन्यांचे न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण केले. धुळीवरील काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या सहकार्याने झाले. गर्ग यांनी पुढे रुडकी येथून व्ही. सिंग यांच्यासह भारतीय धान्ये, भाज्या व मसाले यांतील आवश्यक लेश मूलद्रव्यांवरील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. मसाल्यांचे प्रमाण आहारात अल्प असताही त्यांचा वाटा मोजणे, हा त्या अभ्यासाचा एक हेतू होता. पुणे विद्यापीठात एन्. एस्. राजूरकर यांनीही औषधी वनस्पतींवर याच प्रकारचे काम केले आहे.

अचूकपणा : आकड्याची विश्वसनीयता पडताळण्यासाठी नमुन्याशिवाय सर्व कृती करून ‘कोरी चाचणी’ घेतात आणि प्रमाण माहीत असलेला संदर्भ पदार्थ नमुन्याबरोबर तपासतात. एच्. जे. एम्. बोवेन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी केल नावाच्या कोबीवर्गीय भाजीची मोठ्या प्रमाणावर पूड तयार करून १९६० नंतरच्या दशकात अनेक प्रयोगशाळांना वाटली. एकाच पुडीचे आकडे निरनिराळ्या ठिकाणी इतके भिन्न आले की, संदर्भ पदार्थांची गरज सर्वांना पटली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७१ मध्ये फळबागेतील पानांची प्रमाणित पूड उपलब्ध केली. तीत लोह दहा लाख भागांत ३०० व शिसे ४५ भाग असल्याचे प्रमाणित केले होते. असा संदर्भ पदार्थ बरोबर न ठेवता दिलेले आकडे, ते कितीही दशांश स्थळांपर्यंत दिलेले असोत, कमी मोलाचे समजतात.

शिसे : हळदीतील शिशाचे मापन वेगळ्या कारणाने करावे लागते. हळकुंडांना गडद पिवळा रंग यावा म्हणून घोळविताना लेड क्रोमेट हे रंगद्रव्य लावण्याचा गैरप्रकार अनेक ठिकाणी आढळला आहे. लेड क्रोमेटात वजनाने सु. ६४% शिसे व १६% क्रोमियम असते. त्यामुळे दोन्ही मूलद्रव्ये सु. ४ : १ या प्रमाणात एकत्र वाढलेली दिसली, तर शिसे मातीतून किंवा धुरातून आलेले नसून रंगातून आले आहे असे निदान करता येते. कोळशाच्या राखेतही शिसे असते, पण त्याबरोबर क्रोमियम या प्रमाणात येत नाही. चंद्रपूरसारख्या औद्योगिक परिसरात हा भेद करता येणे विशेष उपयुक्त आहे. जुनी सोपी चाचणी अशी : हळदीची राख विरल सल्फ्यूरिक अम्लात विरघळवून गाळतात व त्यात डायफिनिल कार्बाझाइडाचा विद्राव घालतात, गुलाबी रंग आल्यास क्रोमेट आहे असे समजतात.

येथे नमुना किती घ्यावा हा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. लेड क्रोमेटाचा ०.१ मिमी. बाजूचा एक कण सु. ६ मायक्रोग्रॅम वजनाचा असून त्यात सु. ३.९ मायक्रोग्रॅम शिसे असते. अर्ध्या ग्रॅमच्या नमुन्यात असा एक कण आला, तर शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत सु. ८ भाग दिसेल. आला नाही तर शून्य. भारतातील २०११ च्या नियमांत हळदीसाठी शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग ठेवण्यात आली. म्हणजे एका कणाच्या योगायोगावर निकाल फिरू शकतो, आणि म्हणून पूड अतिशय बारीक करून निदान तीन-चार वेळा मापन करणे इष्ट असते.

ही मर्यादा उदार आहे. दिवसाला २ ग्रॅ. हळद खाणाऱ्या व्यक्तीच्या पोटात या मर्यादेतील हळदीमधून २० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये जननक्षम वयातील स्त्रियांसाठी दररोज ८.८ व बालकांसाठी २.२ मायक्रोग्रॅम ही संदर्भ पातळी ठरविली. अन्नातील शिशाची सुरक्षित समजली जाणारी पूर्वीची साप्ताहिक मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१० मध्येच मागे घेतली होती. बांगला देशात २०१९ मध्ये हळदीतील लेड क्रोमेटाचा माग काढण्यात आला आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीचे हातात धरण्याजोगे उपकरण घेऊन घाऊक बाजारात तपासणी सुरू झाली. भेसळयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. हे उपकरण नमुना न जाळता काही मिनिटांत उत्तर देते. प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचा यांसारख्या तालुक्यांच्या बाजारांत त्याचा उपयोग होण्यासारखा आहे.

शरीराला मिळणारे लोह : हळदीत १०० ग्रॅ.मागे ५५ मिग्रॅ. लोह धरले, तरी २ ग्रॅ. हळदीतून १.१ मिग्रॅ. लोह मिळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दररोज २९ मिग्रॅ. लोहाची शिफारस केली, तिच्या सु. ४ टक्केच हळद पुरविते. त्यातही आतड्यात शोषले जाते ते थोडे. मातीतून आलेल्या ऑक्साइडरूपी लोहाचा शरीराला जवळजवळ उपयोग होत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेतील बी. एस्. नरसिंग राव व टी. प्रभावती यांनी १९७८ मध्ये यासाठी प्रयोगशाळेतच करता येणारी परीक्षा सुचविली. अन्न प्रथम पेप्सीन व हायड्रोक्लोरिक अम्ल यांत (पीएच १.३५) पचवितात, नंतर पीएच ७.५ वर आणतात आणि विद्रावात आयनरूपाने शिल्लक राहिलेले लोहच मोजतात. एकूण लोह व हे आयनीभवनक्षम लोह असे दोन्ही आकडे दिले, तर माती व कढई यांच्या लोहाचा फुगवटा पुष्कळसा उघड होतो.

चंद्रपूर व गडचिरोली भागात रक्तक्षयाची कारणेही एकेरी नाहीत. आहारातील लोहाच्या उणिवेबरोबर हिवताप, अंकुशकृमी आणि गोंड, माडिया, परधान आदी समाजांत आढळणारा दात्रकोशिका रोग यांचा त्यात भाग असतो. रोग्याच्या रक्ताची परीक्षा न करता लोह देणे प्रत्येक वेळी योग्य ठरत नाही. ‘लोहयुक्त’ मसाल्याने रक्तक्षय बरा होईल असे सांगण्यास या मापनांत आधार सापडत नाही.

हळदीपेक्षा या भागातील जेवणात मिरची अधिक असते. सिरोंचा भागात तिचे पीक होते व तिच्या तोडणीसाठी या जिल्ह्यांतील मजूर तेलंगणात जातात. थायलंडमध्ये तरुण स्त्रियांवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोह मिसळलेल्या जेवणाबरोबर ४.२ ग्रॅ. मिरची दिली असता लोहाचे शोषण ३८ टक्क्यांनी घटले; ०.५ ग्रॅ. हळदीने त्यात फरक पडला नाही. या प्रयोगातील हळदीत फिनॉलवर्गीय संयुगांचे प्रमाण मिरचीपेक्षा अधिक होते, त्यामुळे शोषणातील घट केवळ त्या संयुगांच्या एकूण प्रमाणावरून सांगता येत नाही असे दिसून आले.